घरचं ऑटोमेशन स्वतः करायचंय, माळ्यावरच्या टाकीपासून सुरुवात करू का?

टाकीवाला | २८ जून, रात्री १०:४७

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

घर मुलुंड पूर्वेला, वन बीएचके, बिल्डिंग १९९४ ची. घरात आई (वय ७३), बायको आणि मी. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्रीच उगवतो. पाणी सकाळी सोडतात, साधारण साडेपाच ते सात. पण यातला 'साधारण' महत्त्वाचा, कधी पाच वीस, कधी सहा, वॉचमन वॉल्व्ह कधी उघडतो त्यावर. बाथरूमच्या माळ्यावर ३०० लिटरची टाकी आहे, ती भरून वाहायला लागली की पाणी पॅसेजमध्ये. गेल्या महिन्यात दोनदा झालं, खालच्या काकांच्या छताला ओल आली आणि बोलणी मी खाल्ली. आई तर पाचपासून उठून दर दहा मिनिटांनी नळ सोडून बघते, आलं का पाणी.

तर डोक्यात असं आहे की टाकीत सेन्सर, भरली की मोटरवाला वॉल्व्ह आपोआप बंद आणि मोबाइलवर मेसेज. हात घातलाच आहे तर दिवे, पंखे, गिझर पण. तयार सिस्टिमवाला घरी येऊन गेला, त्याच्या कोटेशनमध्ये दुसरी स्कूटर आली असती. मी कॉमर्सवाला, पण व्हिडिओ बघून सोल्डरिंग शिकलोय (दोन बोटं भाजून). बजेट दहा हजार. भिंत फोडायची नाहीये, ही बायकोची अट. कुठून सुरू करू?

पाचवा_मजला | २८ जून, रात्री ११:०२

आमच्याकडे आई 'अरेऽऽ' म्हणते आणि मी उठून पंखा बंद करतो. व्हॉइस कंट्रोल, वायफाय लागत नाही, लाइट गेली तरी चालतं.

नळदुरुस्ती | २८ जून, रात्री ११:१५

टाकीचा बॉल कॉक बदला.

बोरिवली_फास्ट | २९ जून, सकाळी ८:२०

(ट्रेनमधून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या)

माझी चूक सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. २०१९ ला मी उत्साहात सहा स्मार्ट बल्ब आणले. पहिले चार दिवस मजा, रंग बदलून दाखव, पाहुण्यांसमोर मोबाइलवरून दिवा लाव वगैरे. पाचव्या दिवसापासून खरं घर सुरू झालं. आमच्या मावशी लादी पुसून जाताना सवयीने भिंतीवरची सगळी बटणं बंद करून जातात, बटण बंद म्हणजे बल्बला करंट नाही, मग ॲपमध्ये सगळे ऑफलाइन. मी बटणांवर सेलोटेप लावली. मग सासरे राहायला आले, रात्री त्यांना अंधारात बाथरूमला जायचं होतं, त्यांनी टेप ओरबाडून काढली आणि सकाळी मला विचारलं की तुमच्याकडे दिवे लावायला कोणाची परवानगी लागते. आणि कहर म्हणजे एकदा रात्री तीनला लाइट जाऊन परत आली तर सहाच्या सहा बल्ब फुल उजेडात. करंट आला की पेटायचं ही बहुतेक बल्बांची आधीपासूनचीच सेटिंग असते, मला ते त्या रात्री कळलं. बायको उठून बसली आणि काहीच बोलली नाही. ते न बोलणं अजून लक्षात आहे.

तेव्हापासून एकच नियम. भिंतीवरचं बटण आधी होतं तसंच चाललं पाहिजे. बल्ब साधा ठेवा, बटणाच्या मागे बोर्डात बसणारा छोटा रिले मॉड्यूल (विजेने उघड-बंद होणारं बटण) घ्या, ज्याला एस१ एस२ असे दोन टर्मिनल असतात, तिथे जुनं बटण जोडायचं. म्हणजे मोबाइलवरूनही चालतं, बटणानेही चालतं, वायफाय मेलं तरी बटणाने चालतंच. आईंना काही नवीन शिकायला लागत नाही. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला घर चालवता आलं पाहिजे, बस.

पाचवा_मजला | २९ जून, सकाळी ८:३१

'कोणाची परवानगी लागते' :हाहा: सासरे भारी आहेत.

एक_फेज | २९ जून, दुपारी १:१०

बोरिवली_फास्टला अनुमोदन. लोहार चाळीत आयुष्य गेलंय म्हणून वायरिंगचं चार ओळी सांगतो.

मॉड्यूलला स्वतःला जिवंत राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. परदेशी व्हिडिओत बघाल तर 'बटणाच्या डब्यात न्यूट्रल नाही' म्हणून रडारड असते. आपल्याकडे बहुतेक बोर्डात बटणांच्या शेजारी पाच अँपिअरचा प्लग असतो आणि प्लगला न्यूट्रल यावाच लागतो, त्यामुळे आपलं काम सोपं. फक्त बटणंच असलेला बोर्ड, बाथरूमबाहेरचा किंवा जिन्यातला, तिथे नसण्याची शक्यता. वायरमनकडून बघून घ्या. टेस्टर पेटला म्हणजे सगळं कळलं असं नाही, आणि वायरच्या रंगावर तर विश्वास ठेवूच नका, ९४ च्या बिल्डिंगमध्ये मी काळ्या वायरीत फेज बघितलाय.

दुसरं गिझर. २५ लिटरचा गिझर २००० वॅटचा धरा, २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. इन्स्टंट ३००० वॅटचा असेल तर १३. आणि या छोट्या मॉड्यूलवर लिहिलेलं असतं १० अँपिअर. रोज तासभर पावणेनऊ खेचलात तर एक दिवस रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मग ॲप म्हणतं बंद आणि गिझर चालूच. गिझर करायचाच असेल तर रिलेने कॉन्टॅक्टर (जड करंटचा मोठा रिले) चालवा आणि कॉन्टॅक्टरने गिझर. मोटारीला, एसीला पण तेच, मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खाते.

आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घरात नसेल तर दहा हजारातले पहिले पैसे तिथे घाला. बाथरूमच्या वर, पाण्याच्या टाकीशेजारी वायरी खेळवणार आहात.

शून्य_सुरुवात | २९ जून, दुपारी ३:४४

प्रश्न बावळट असेल पण व्हिडिओत सगळे म्हणतात, तयार ॲप नको, मॉड्यूल 'फ्लॅश' करा, तर ते 'फ्लॅश' करणं म्हणजे काय? आणि तयार ॲपमध्ये वाईट काय आहे, माझं तर नीट चालतंय.

रिले_राणी | २९ जून, रात्री ९:५८

बावळट नाही. तयार मॉड्यूलच्या पोटात एक चिप असते, पुष्कळदा ईएसपी८२६६ किंवा त्याची मोठी बहीण ईएसपी३२. त्यात कंपनीचा प्रोग्रॅम असतो, तो तुमचं बटण दाबणं आधी लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरला कळवतो, तिथून हुकूम परत येतो आणि मग तुमच्या डोक्यावरचा दिवा लागतो. नेट गेलं की गंमत. आणि सर्व्हरच बंद झाला तर? रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता, नेस्टने ती कंपनी २०१४ ला विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात नुसता डबा उरला.

फ्लॅश करणं म्हणजे तो प्रोग्रॅम पुसून टास्मोटा किंवा ईएसपीहोम घालणं. मग सगळं घरातल्या घरात. वर म्होरक्या म्हणून होम असिस्टंट, सगळ्या उपकरणांना एकत्र चालवणारा प्रोग्रॅम, २०१३ पासूनचा आहे, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेतलात तर मेमरी कार्डावर ठेवू नका, तो सतत काहीतरी लिहीत बसतो आणि कार्ड झिजतं. माझं सात महिन्यात गेलं, बॅकअप अर्थातच नव्हता. छोटी एसएसडी लावा.

आता कृपया नीट वाचा. फ्लॅश करताना मॉड्यूल २३० व्होल्टच्या प्लगला लावलेलं नसलं पाहिजे. कधीच. आतली ग्राउंड आणि मेन्स वेगळी केलेली नसते, कॉम्प्युटरची केबल लावून वर मेन्स दिलीत तर कॉम्प्युटर जाईल आणि नशीब वाईट असेल तर तुम्ही. बाहेरून फक्त ३.३ व्होल्ट द्यायचे, ५ सुद्धा नाही. आणि या चिपला वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच चालतं, राउटरवर नुसतं ५ ठेवलंत तर दिवसभर शोधत बसाल.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. दुकानदाराला 'होम ऑटोमेशन' म्हणायचं नाही, भाव बदलतो. 'ईएसपीचा बोर्ड द्या' एवढंच म्हणायचं, तेही कंटाळलेल्या चेहऱ्याने.

चाळकरी | ३० जून, सकाळी ७:०५

राग मानू नका पण हे सगळं कशासाठी? ४०० स्क्वेअर फुटाचं घर, कॉटवर बसून हात लांब केला की बटण. आम्ही गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आठ जण राहिलो, एक पिवळा बल्ब, तो कोण बंद करणार यावरून भांडणं व्हायची, तेवढंच बोलणं व्हायचं. आता नवरा हॉलमध्ये मोबाइलमध्ये, बायको बेडरूममध्ये मोबाइलमध्ये, आणि दिवाही मोबाइलमध्ये.

अवांतरानंद | ३० जून, सकाळी ९:१२

चाळकरी काका, +१. पण तुमच्या चाळीत पण ऑटोमेशन होतंच की. एका घरात पाणी आलं की 'पाणी आऽऽलं' ही आरोळी तीन मजले जायची. त्याला एमक्यूटीटी म्हणतात.

चाळकरी | ३० जून, सकाळी ९:४०

ते काय असतं?

अवांतरानंद | ३० जून, सकाळी १०:०५

मस्करी नाही, खरंच तसंच असतं. एकाने ओरडायचं, ज्याला गरज आहे त्याने ऐकायचं, बाकीच्यांनी दुर्लक्ष करायचं. सेन्सर ओरडतो 'टाकी ८० टक्के', मध्ये ब्रोकर म्हणून एक प्रोग्रॅम असतो, तो ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनाच सांगतो. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींसाठी केलं, वाळवंटातून सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचे, तेव्हा ते फार महाग म्हणून निरोप अगदी तुटपुंजा ठेवला. तिकडे तेल, इकडे टाकीवाल्यांच्या पॅसेजमधलं पाणी.

रिले_राणी | ३० जून, सकाळी १०:२०

अजून अवांतर, झिग्बी (वायफायसारखाच, उपकरणांनी बिनतारी बोलायचा प्रकार) हे नाव मधमाश्यांच्या नाचावरून आलंय. एक माशी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. झिग्बीची उपकरणं तशीच निरोप पुढे ढकलतात. बॅटरीवरच्या सेन्सरला वायफायपेक्षा हेच बरं, एका सेलवर दीर्घकाळ चालतं. फक्त तेही २.४ वरच असल्यामुळे बिल्डिंगमधल्या चाळीस राउटरच्या गर्दीत त्याला जागा शोधून द्यावी लागते. माझं वायफाय चॅनेल १ वर आणि झिग्बी २५ वर, तेव्हापासून शांतता.

खाडीकाठ | ३० जून, रात्री १०:३०

टाकीचं मी केलंय, म्हणून लिहितो. पहिल्यांदा तो दोन डोळ्यांवाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, एचसी-एसआर०४. झाकणाला आतून चिकटवला, आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर. एप्रिल-मे मध्ये अगदी सेंटिमीटरपर्यंत बरोबर. जून लागला, झाकणाच्या आतून घाम सुटायला लागला, थेंब डोळ्यांवर बसले आणि टाकी रिकामी असताना १०० टक्के दाखवायला लागला. चार दिवसांनी पिना हिरव्या. आम्ही खाडीला लागून, इथे खारी हवा स्टीलच्या बिजागऱ्या खाते, पिना काय चीज. मग वॉटरप्रूफवाला आणला, जेएसएन नावाचा, त्याला जवळचं वीस सेंटिमीटर दिसतच नाही. माझ्या टाकीत पाणी भरल्यावर झाकणापासून बारा सेंटिमीटरवर येतं! म्हणजे नेमकी जिथे गरज तिथे आंधळा.

शेवटी काय चाललं? दोन फ्लोट स्विच. प्लॅस्टिकचा तरंगणारा गोळा, आत लोहचुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), पाणी वर आलं की चालू. एक वर, एक खाली. टक्के कळत नाहीत पण टक्क्यांचं मला काय करायचंय, भरली की नाही एवढंच हवं ना. तीन पावसाळे झाले. सर्किटच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि डबा माळ्यावर नको, बाहेर भिंतीवर.

मोटरवाल्या वॉल्व्हबद्दल सांभाळून. वॉशिंग मशीनसारखा सोलेनॉइड (करंट दिला की उघडणारा) वॉल्व्ह घेतलात तर त्याला मागून थोडा दाब लागतो, गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली गेलं की एक बार दाब मिळतो, वरच्या मजल्यांवर तेवढा कुठला. आणि वॉल्व्ह बंद असताना लाइट गेली, नेमकं तेव्हाच पाणी आलं, तर दिवसभर कोरडे.

दादरची_सून | १ जुलै, दुपारी २:१५

या धाग्यावर सगळे दिवे लावायच्या मागे, मी पंख्याबद्दल बोलते. आम्ही साधे पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले, जुना ७५ वॅट खायचा, हा फुल स्पीडला तिशीत. त्याला रिमोट येतो. नवऱ्याने मात्र त्याच्या मागे जुना रेग्युलेटर तसाच ठेवला आणि पंखा अंगात आल्यासारखा थांबत-चालत होता, महिनाभर कंपनीला शिव्या. त्या पंख्याला सरळ फुल करंट द्यायचा असतो, रेग्युलेटर काढूनच टाकायचा. ऑटोमेशन करायचं तर इन्फ्रारेडचा छोटा डबा घेऊन रिमोटची नक्कल करता येते.

पण सासूबाईंच्या खोलीत आम्ही फक्त एकच गोष्ट केली. रात्री पलंगावरून पाय खाली टेकला की पलंगाखालची मंद पट्टी लागते, दोन मिनिटांनी विझते. मोशन सेन्सर, बास. घरात एवढे प्रकार केले पण त्यांनी शेजारणीला दाखवलेला हा एकच.

बोरिवली_फास्ट | १ जुलै, रात्री ८:०२

हे उचलतोय. आई-बाबांकडे लावतो.

पाचवा_मजला | १ जुलै, रात्री ८:४०

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का कोणाला? सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद, लोकल सुद्धा. आमच्या वरच्या मजल्यावर पूर्ण स्मार्ट घर, दाराचं कुलूप पण स्मार्ट. ते गृहस्थ जिन्यात बसून आमच्याकडचा चहा पीत होते, किल्ली आत होती.

एक_फेज | १ जुलै, रात्री ९:१५

म्हणून कुलपाला हात लावत नाही मी कोणाच्या. किल्ली ती किल्ली.

नळदुरुस्ती | १ जुलै, रात्री ९:३०

बॉल कॉक बदलला का?

टाकीवाला | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार, उशिरा येतोय, मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

आधी कबुली. नळदुरुस्ती यांनी पहिल्याच दिवशी चार शब्दांत सांगितलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेलो होतो. माळ्यावर चढून बघितलं तर बॉल कॉकचा दांडा वाकून टाकीच्या भिंतीला अडकलेला, गोळा वर येतच नव्हता, म्हणजे पाणी बंदच होत नव्हतं. नवीन पितळी, मजुरीसकट साडेचारशे. टाकी तेव्हापासून वाहिलेली नाही. मोटरवाला वॉल्व्ह रद्द.

ईएलसीबी लावला. लावल्या दिवशीच दोनदा पडला, तर बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डात ओल निघाली. किती वर्षं तशी होती कोण जाणे.

हॉल आणि पॅसेजच्या बटणांमागे एकेक मॉड्यूल, एस१ एस२ वाला. आईला अजून माहीतच नाही की काही बदललंय. गिझर सोडून दिला.

आता मुख्य. वाहण्याचा प्रश्न सुटला पण आईचं पाचला उठून नळ बघणं राहिलंच होतं. मग टाकीत जाणाऱ्या पाइपवर अर्ध्या इंचाचा फ्लो सेन्सर बसवला, वायएफ-एस२०१. आत छोटी भिंगरी असते, लिटरमागे साधारण ४५० पल्स देते. ईएसपीला जोडला (सेन्सर ५ व्होल्टचा, ईएसपी ३.३ चा, मध्ये दोन रेझिस्टर घातले), आणि आईच्या उशाशी एक छोटी घंटी. पाणी आलं की तीनदा वाजते.

पहिल्या सकाळी घंटी वाजली, आई उठली, नळ सोडला तर नुसतं 'फुस्स्'. पाणी नाही. मी म्हटलं झालं, फसलं. सात-आठ मिनिटांनी पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग लक्षात आलं की वॉल्व्ह उघडला की पाण्याच्या आधी पाइपमधली हवा ढकलली जाते आणि भिंगरी हवेनेच गरगर फिरते, उलट पाण्यापेक्षा जोरात. मी प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायला बसलो की स्पीड अमुकपेक्षा जास्त असेल तर हवा समजून सोडून दे. आई म्हणाली, हात लावू नकोस. सात मिनिटं आधी कळलं तर तोंड धुऊन चहाचं आधण ठेवून होतं.

तर ती चूक तशीच ठेवलीये.

रिले_राणी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:५०

ही चूक नाही, फीचर आहे! रेझिस्टर किती-कितीचे घातले ते टाका, आणि कोड पण. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खाडीकाठ | १८ ऑगस्ट, सकाळी ९:०३

त्या भिंगरीच्या आधी जाळी बसवा. पावसाळ्यात पाण्यातून बारीक कचरा येतो, माझी दोनदा अडकली.

चाळकरी | १८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

म्हणजे शेवटी 'पाणी आऽऽलं' च झालं ना.

टाकीवाला | १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

हो काका, फक्त आता आधी हवा ओरडते :)

राणी, १० के आणि २० के. कोड रविवारी टाकतो. जाळी उद्याच बसवतो.

एक नवीन भानगड सांगायची राहिली. शेजारच्या काकूंनी घंटी ऐकली, त्यांनाही मेसेज हवा झाला, मग वरच्यांना, आता विंगमधल्या अकरा घरांना सकाळी मेसेज जातो. त्यात रोजची वेळ आपोआप नोंदली जाते. कोणीतरी तो पंचेचाळीस दिवसांचा तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वॉचमन रोज साडेपाचला वॉल्व्ह उघडल्याची सही करतो आणि तक्त्यात सतरा दिवस सहाच्या पुढे. काल सेक्रेटरी घरी आले होते, म्हणाले, तो ग्राफ जरा प्रिंट काढून द्या, पण वॉचमनला कळू देऊ नका कुठून आला. वॉचमन आज लिफ्टपाशी भेटला, म्हणाला, साहेब, ती घंटी माझ्या केबिनमध्ये पण लावा ना, साडेपाचला वाजेल अशी, मला उठायला बरं पडेल.

पाचवा_मजला | १८ ऑगस्ट, रात्री १०:२२

लाव रे त्याला. नाहीतर पुढच्या एजीएमला सेक्रेटरी तुलाच करतील.